‘लाइन’ गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

अक्षरवेल

राम राम मंडळी. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात भाषांतराच्या वह्या तपासताना एक गोष्ट घडली. ती मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

वाक्य होतं, ‘द लाइन वेन्ट डेड.’ धड्यात एक बाई फोनवर बोलत असते आणि पलीकडचा आवाज मध्येच तुटतो. एका मुलाने लिहिलं, ‘लाइन गेली.’ मी लाल पेनाने काट मारली आणि बाजूला ‘फोन बंद पडला’ असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो वही घेऊन टेबलाजवळ आला. म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे लाइन गेली की टॉवर पण जातो. मग फोन बंदच पडतो ना? माझं चुकलं कुठे?’

पोरगं हुज्जत घालत नव्हतं, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. मी त्याला विचारलं, तुमच्या घरात लाइन कशाकशाला म्हणतात? त्याने उभ्या उभ्या सांगितलं. विजेला लाइन. शेतातल्या ठिबकची लाइन. नदीवरून आणलेल्या पाण्याची लाइन. रेशन दुकानासमोर लागते ती लाइन. मामा ट्रकच्या लाइनीत आहे. आणि गावाच्या खालून सुरतकडे जाते ती लाइन. तोपर्यंत मला वाटत होतं की हा शब्द मी त्याला शिकवते आहे.

घरी येऊन शब्दकोश उघडला. इंग्रजी ‘लाइन’ येतो लॅटिन ‘लिनेआ’वरून. लिनेआ म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी, कारण ‘लिनुम’ म्हणजे जवस. आपण चटणीला भाजतो तेच जवस. त्या झाडाच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचं कापड ते लिनन, त्याच्या बियांना इंग्रजीत लिनसीड म्हणतात, आणि कोटाला आतून जे अस्तर लावतात ते लायनिंग, कारण पूर्वी ते लिननचं असायचं. म्हणजे रेघ, रांग, वंश, ओळ हे सगळे अर्थ नंतरचे. मुळात तो एक ताणून धरलेला दोरा होता.

हे वाचल्यावर मला प्रत्येक अर्थात तो दोरा दिसायला लागला. दोरा ताणला की सरळ रेघ. त्यावर माणसं उभी केली की रांग. अक्षरं मांडली की ओळ. दोन गावांमध्ये ताणला की तार, आणि तारेतून बोललं की फोनची लाइन. बाप, मुलगा, नातू एका दोऱ्यात ओवले की घराणं.

माझी विनंती अशी की आपापल्या कामधंद्यात ‘लाइन’ कशाला म्हणतात ते सांगा, आणि तिथे मराठीचा किंवा अहिराणीचा कोणता शब्द होता किंवा आहे तेही सांगा. मला हे वर्गात न्यायचं आहे.

केळीचा बाग

ताई, राम राम. मी शिरपूर तालुक्यातला, तापीकाठी शेती आहे. केळी आणि कपाशी. तुमच्या विद्यार्थ्याचं उत्तर वाचून मला तर आपल्याच घरातलं पोर वाटलं.

आमच्याकडे रात्री अकरा वाजता फोन वाजतो आणि पहिलं वाक्य एकच असतं, ‘लाइन उनी का?’, म्हणजे लाइन आली का? कोण बोलतंय, बरं आहे का, हे नंतर. आणि ही लाइन म्हणजे नुसती वीज नाही, हे शहरातल्या माणसाला कळत नाही. घरात सिंगल फेजवर बल्ब चालू असतो, पंखा फिरत असतो, तरी आम्ही म्हणतो ‘लाइन नाही’. कारण थ्री फेज नाही. मोटर उचलत नाही. पुण्यात माझा भाऊ आहे, तो म्हणतो ‘लाइट गेले’. त्याला वीज म्हणजे दिवा. आम्हाला वीज म्हणजे पाणी. म्हणून त्यांचा शब्द लाइट आणि आमचा लाइन, असं मला वाटतं.

काही दिवस लाइन दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची असली की बॅटरी घेऊन शेतात जायचं, डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज गेला आहे का ते बघायचं, लाइनमनला फोन लावायचा. खांबावर चढणारा तो लाइनमन. त्याला मराठीत तारमार्गतंत्री असा शब्द सरकारी कागदावर पाहिला आहे, पण तोंडात कुणाच्या ऐकला नाही.

आता शेतातल्या लाइनी. विहिरीपासून मोठा पाइप येतो ती मेन लाइन. तिच्यातून निघते ती सबमेन. तिच्यावर बारीक काळ्या नळ्या बसतात, त्यांना कुणी लॅटरल म्हणतं, आम्ही नळीच म्हणतो. केळीचं खोड पाच फुटांवर, तर ओळही पाच-सहा फुटांवर, आणि ओळीबरोबर नळी. त्यामुळे झालं असं की झाडांची ओळ आणि पाण्याची नळी दोघींना मजूर लाइनच म्हणतात. ‘तिसऱ्या लाइनीला पाणी पोहोचत नाही’ म्हटलं की झाडं बघायची की नळी, हे विचारावं लागतं. बहुतेक वेळा नळीच असते, क्षाराने ड्रिपरचं भोक बंद झालेलं.

पण कपाशीत मात्र अजून जुना शब्द जिवंत आहे. तास. निंदणीला बाया आल्या की एकेक तास धरून पुढे सरकतात. मुकादम विचारते, ‘तुमचं तास कुठवर आलं?’ आजपर्यंत एकीच्याही तोंडून ‘माझी लाइन’ ऐकलं नाही. पाभर किंवा वखराने जमिनीवर ओढलेली रेघ ती काकर. दोन काकरी उभ्या-आडव्या मारल्या की जिथे फुली पडते तिथे बी टोकायचं. म्हणजे ओळ कशाने झाली, कशासाठी झाली, त्याप्रमाणे शब्द बदलायचा. ठिबक आलं तशी त्याबरोबर लाइन आली. जे काम बाहेरून आलं त्याचा शब्द बाहेरचा, आणि जे काम बापजाद्यांचं त्याचा शब्द घरचा.

रुळाशेजारी

भुसावळकर हजर आहे. आमच्या गावात या शब्दाशिवाय कुणाचं पान हलत नाही.

मुंबईकडून येणारी मेन लाइन भुसावळला फुटते. एक फाटा अकोला-नागपूरकडे, दुसरा खंडवा-इटारसीकडे. शिवाय जळगावहून अमळनेर, नंदुरबारवरून जाते ती सुरत लाइन. ताईंच्या विद्यार्थ्याने सांगितली ती हीच. चाळीसगावहून धुळ्याला जाते ती ब्रँच लाइन. मुंबईपासून दूर जाणारी डाउन लाइन, मुंबईकडे येणारी अप लाइन. आणि स्टेशनात मेलगाडीला वाट द्यायला मालगाडी बाजूला घेतात ती लूप लाइन.

इथे इंग्रजीतला बारीक फरक सांगतो, कारण धागा समानार्थी शब्दांचा आहे. रेल्वेत ट्रॅक आणि लाइन एक नाहीत. ट्रॅक म्हणजे जमिनीवर दिसतं ते : रूळ, स्लीपर, खडी. ट्रॅकवाला माणूस हातोडा घेऊन चालतो. लाइन म्हणजे गाडी चालवायची वाट. रूळ जागेवर असतील, पण पुढच्या स्टेशनाने परवानगी दिली नसेल, तर लाइन नाही. त्या परवानगीला म्हणतात ‘लाइन क्लिअर’. दोन स्टेशनांमध्ये त्या लाइनीवर एका वेळी एकच गाडी, हा त्यामागचा नियम. मागचं स्टेशन विचारतं, पुढचं देतं, मग सिग्नल पडतो.

एकेरी लाइनीवर तर ही परवानगी हातात धरता येत असे. सुरत लाइन दुहेरी व्हायच्या आधीची गोष्ट. यंत्रातून एक लोखंडी गोळा निघायचा, तो चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला बांधायचे. पोर्टर फलाटाच्या टोकाला ते कडं उंच धरून उभा, आणि इंजिनातला माणूस धावत्या गाडीतून हात बाहेर काढून ते कडं खांद्यापर्यंत ओढून घ्यायचा. तो गोळा जवळ असेल तरच पुढची लाइन तुमची. मी लहानपणी हे शेकडो वेळा पाहिलं.

वडील गार्ड होते. घरात ‘बाबा लाइनवर गेले’ म्हणजे ड्यूटीवर गेले. त्यांची काळी पत्र्याची पेटी, तिचं नाव लाइन बॉक्स. तिच्यात लाल-हिरवे झेंडे, दिवा, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, नियमांचं पुस्तक. पेटीवर पांढऱ्या रंगाने नाव आणि ‘भुसावळ’ लिहिलेलं. ती पेटी घरी आली की आईचा जीव भांड्यात पडायचा. मला लाइन म्हटलं की आजही आधी ती पेटी आठवते.

शब्दवेल्हाळ

चर्चा चांगली आहे, पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. आपल्याकडे ओळ, रेघ, रेषा, रांग, रीघ, पंगत, वीज, तार, वाहिनी, घराणं इतके शब्द असताना एका ‘लाइन’वर सगळं भागवणं म्हणजे भरलेली कोठी सोडून उसनं पीठ मागण्यासारखं आहे. वर केळीवाल्या भाऊंनीच सांगितलं, तिसऱ्या लाइनीला पाणी नाही म्हटलं की झाड की नळी ते कळत नाही. ओळ आणि नळी म्हटलं असतं तर विचारावं लागलं नसतं. शिक्षिकेने तर काट मारायलाच हवी होती.

शिरपूरची लेक

शब्दवेल्हाळ दादा, ‘वीज गेली’ असं आमच्या गावात कुणी म्हटलं तर लोक आधी आकाशाकडे बघतील.

अक्षरवेल

शब्दवेल्हाळ, तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. शब्दांची कोठी भरलेली आहे हे मुलांना माहीतच नाही. माझ्या वर्गात चाळीस मुलं. ‘रीघ’ म्हणजे काय विचारलं तर दोघींना सांगता आलं. देवळात दर्शनाला माणसं येतच राहतात, थांबत नाहीत, ती रीघ. रेशनसमोर जागेवर उभी असते ती रांग. हा फरक इंग्रजी लाइनमध्ये नाही. आपल्या भाषेत आहे आणि तो हरवू नये असं मलाही मनापासून वाटतं.

पण काट मारणं बरोबर होतं, हे आता मला मान्य नाही. लाइन हा शब्द खानदेशात पाहुणा राहिलेला नाही. तो स्त्रीलिंगी झाला, त्याचं अनेकवचन लाइनी झालं, लाइनीत, लाइनीवर, लाइनीला असे प्रत्यय त्याने मुकाट घेतले. ज्या शब्दाला आपण आपल्या विभक्त्या लावतो तो आपल्याच घरात जेवतो. मुलाचा शब्द चुकला नव्हता. कोणती लाइन, हे त्याने आणि मी दोघांनी विचारलं नव्हतं, चूक तेवढीच होती.

धुळ्याचा, सध्या पुण्यात

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून थोडं इंग्रजीच्या बाजूने लिहितो.

लाइन, रो, फाइल, रँक, क्यू हे इंग्रजीत जवळजवळ बसणारे शब्द आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. रो म्हणजे शेजारी शेजारी : नाट्यगृहातल्या खुर्च्या, शेतातली रोपं. फाइल म्हणजे एकामागे एक. रँक म्हणजे सैनिक खांद्याला खांदा लावून उभे. म्हणूनच ‘रँक अँड फाइल’ म्हटलं की आडवे-उभे सगळे साधे शिपाई आले. क्यू म्हणजे आपली पाळी येईल म्हणून थांबलेले लोक. क्यू हा शब्द फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ शेपूट. इंग्लंडमधला माणूस क्यूमध्ये उभा राहतो, अमेरिकेतला लाइनमध्ये. आपण पुस्तकातून शिकलो इंग्लंडचं इंग्रजी, पण रेशन दुकानासमोर बोलतो ते लाइनच.

मराठीची वाटणी वेगळ्या तत्त्वावर आहे. ती उभं-आडवं बघत नाही, कशाची आहे ते बघते. अक्षरांची, झाडांची, घरांची ओळ. माणसांची रांग, आणि डोंगरांचीही रांग : सातपुड्याच्या रांगा. जेवणाऱ्यांची पंगत. भूमितीत रेषा, आणि ती दोन्हीकडे न संपणारी. तुकडा घेतला की रेषाखंड, एका बाजूने मोकळी सोडली की किरण. वहीवर पट्टीने आखली ती रेघ, मग ती थोडी वाकडी असली तरी चालते.

‘ओळ’ हा शब्द संस्कृत ‘आवली’वरून आला. दीपावलीतली आवली. म्हणजे दिवाळी हा शब्दच दिव्यांची ओळ आहे. ‘पंक्ती’ची गंमत अशी की तिचा संबंध ‘पंच’शी आहे. पाचांचा समूह ती पंक्ती, आणि वेदांतल्या पंक्ती छंदाचे चरणही पाच. तीच पंक्ती आपल्या तोंडात पंगत झाली आणि लग्नात पानं मांडून बसली.

कामात मला सगळ्यात जास्त छळणारी लाइन म्हणजे ‘डेडलाइन’. लोक ‘अंतिम मुदत’ लिहून मोकळे होतात आणि अर्थ बरोबरच आहे. पण शब्दाचा जन्म भयंकर आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथल्या तुरुंगात भिंतीच्या आत एक कुंपणासारखी रेषा आखली होती. कैदी तिच्यापलीकडे गेला की पहारेकरी गोळी घालायचा. ती डेडलाइन. पुढे वर्तमानपत्रांच्या छपाईत तो शब्द वेळेसाठी आला. मुदत हा शब्द मला म्हणूनच आवडतो. मुदत मागता येते, वाढवून मिळते.

केळीचा बाग

पुणेकर भाऊ, तो तुरुंगाचा किस्सा वाचून काटा आला. पीककर्ज भरायच्या तारखेला आमच्याकडे अजून मुदतच म्हणतात.

पटाशी

मी धुळ्याचा सुतार. वडील, आजोबा हेच काम. टायपिंगला वेळ लागतो पण हा धागा वाचून राहवलं नाही.

ताईंनी लिहिलं की लाइन म्हणजे मुळात दोरा. आमच्या धंद्यात तो अजून दोराच आहे. लाकडाचा ओंडका चिरायच्या आधी त्यावर सरळ खूण करायची असते. आजोबा सुताचा दोरा गेरूच्या पाण्यात भिजवायचे. एक टोक मी अंगठ्याने दाबून धरायचो, दुसरं त्यांच्या हातात. दोरा ताणून मध्ये चिमटीत उचलायचे आणि सोडायचे. टप्प. लाकडावर तांबडी रेघ उठायची, केसाएवढीही वाकडी नाही. याला आम्ही सूत मारणं म्हणतो. पट्टी लावून आठ फूट लांब रेघ कुणाला मारता येत नाही, दोऱ्याने मारता येते.

आणि सूत हे आमचं मापही आहे. एका इंचाचे आठ सूत. ‘दोन सूत रंधा मार’ म्हणजे पाव इंच लाकूड काढ. आता माझा प्रश्न पुणेकर भाऊंना. शर्टाची बटणं आणायला गेलो तर दुकानदार म्हणतो १८ लाइनचं बटण. ही लाइन कोणती? ती आमच्या सुताशी जुळत नाही.

गवंडी लोकांची आणखी एक गोष्ट. भिंत सरळ यावी म्हणून विटांच्या थरावर दोरी बांधतात, तिला ते लाइनदोरी म्हणतात. उभं सरळ आहे का बघायला ओळंबा. पाया खोदायच्या आधी जमिनीवर पांढऱ्या फक्कीने घर आखतात, त्याला म्हणतात लाइनआउट.

धुळ्याचा, सध्या पुण्यात

पटाशी दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. बटणाच्या मापात एका इंचाच्या ४० लाइनी. म्हणजे १८ लाइनचं बटण अर्ध्या इंचापेक्षा थोडं लहान, साधारण ११.४ मिलिमीटर. जुन्या इंग्रजी मापात मात्र लाइन म्हणजे इंचाचा बारावा भाग होता. म्हणून कुठलीच तुमच्या आठ सुतांशी जुळत नाही. पण बघा, त्यांनी इंचाच्या बारीक भागाला दोऱ्याचं नाव दिलं आणि आपल्या सुतारांनीही दोऱ्याचंच दिलं.

आता तुमच्यासाठी एक गोष्ट. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’वरून आला आहे. सूत्र धरणारा, म्हणजे दोरा धरणारा. आजोबांच्या समोर बसून तुम्ही अंगठ्याने टोक दाबून धरत होता, त्या कामाचं नाव तुमच्या जातिवाचक शब्दात हजार-दीड हजार वर्षं बसलेलं आहे. आणि त्याच सूत्राचे गणितातलं सूत्र, नाटकातला सूत्रधार, पाणिनीची सूत्रं असे अर्थ झाले. लॅटिनने जवसाच्या दोऱ्यातून जे केलं ते संस्कृतने कापसाच्या सुतातून केलं.

आणि लाइनदोरी! लाइन म्हणजे दोरी, दोरी म्हणजे दोरी. एका शब्दात दोन भाषांनी एकच वस्तू दोनदा सांगितली. इतकी वर्षं हा शब्द ऐकतोय, आज पहिल्यांदा दिसला.

पटाशी

सूत्रधारचं माहीत नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘आबांना सांगायला हवं होतं.’

शब्दवेल्हाळ

पटाशी, तुमची पोस्ट वाचून माझा हेका थोडा सैल झाला. लाइनदोरीतून लाइन काढून टाका असं मी आता म्हणणार नाही. पण सूत, तास, काकर, रीघ हे शब्द मुलांना शिकवावेत, ही मागणी मी सोडत नाही.

अक्षरवेल

शब्दवेल्हाळ, तेच करते आहे. काल वर्गात फळ्यावर मध्ये ‘लाइन’ लिहिलं आणि मुलांना खडू दिला. ज्याच्या घरी जी लाइन, त्याने ती लिहायची आणि शेजारी घरातला शब्द. पोलीस लाइनीत राहणारी एक मुलगी आहे, तिने लिहिलं ‘आमची घरं’. इंग्रज सैन्याच्या छावणीत बराकी ओळीने असत, त्या वस्तीला लाइन्स म्हणत, ते तिला सांगितलं. एका मुलाने तळहात दाखवून आयुष्यरेषा लिहिली. तास कपाशीवाल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि घड्याळातला तास वेगळा हे त्यांनी मलाच समजावलं.

वहीवाल्या मुलाची काट मी खोडली. त्याच्या उत्तराखाली लिहिलं, ‘लाइन गेली : बरोबर. कोणती ते लिही.’ त्याने लिहून आणलं, ‘फोनची लाइन तुटली.’ माझ्या ‘फोन बंद पडला’पेक्षा ते सरस आहे. फोन तर तिच्या हातात चालूच होता.

एक शब्द मात्र फळ्यावर रिकामा राहिला. इंग्रजीत कपडे वाळत घालायच्या दोरीला क्लोथ्सलाइन म्हणतात. लाइनचा अगदी मूळचा अर्थ. मुलांनी ‘दोरी’ लिहिलं, कुणी ‘तार’. मला वाटतं याला खास शब्द होता, लहानपणी ऐकला आहे, आठवत नाही. कुणाला माहीत आहे का?

यावलची सून

वलणी.

माझ्या आजेसासूबाई म्हणायच्या. धाब्याच्या घराच्या मागच्या अंगणात दोन खुंट्यांना सुंभाची दोरी ताणून बांधलेली असायची. नऊवारी लुगडं एका माणसाला टाकता येत नसे, म्हणून त्या मला हाक मारायच्या, ‘ये, वलणीवर टाकू लाग.’ दोघी दोन टोकं धरून झटकायचो. आता तिथे प्लॅस्टिकची निळी दोरी आहे आणि सगळे तिला दोरीच म्हणतात. फळ्यावर लिहा ताई.